टीप लिहा : अनुपलब्धी

तत्त्वज्ञान घेतलं, कारण भूगोल भरला होता.
अकरा मुली, सहा बाकं,
एक पंखा, जो फक्त हिवाळ्यात चालायचा,
आणि टिकेकर मॅडम :
वर्गात हिंदी, फळ्यावर संस्कृत,
चिडल्या की मराठी.
ती मला एकटीलाच कळायची,
म्हणून साऱ्या वर्गाची बोलणी
वर्षभर मी खाल्ली.

पहिलाच धडा, जिथे धूर तिथे अग्नी.
उदाहरणाला डोंगर लागतो. आम्हाला शोधावा लागला नाही.
लष्करातल्या त्या खिडकीत किल्ला होताच,
बसलेल्या म्हशीसारखा लांबलचक.
पर्वतावर अग्नी आहे. का?
धूर आहे म्हणून.
जसं?
जसं स्वयंपाकघरात.

मेहजबीनने हात वर केला.
आमच्याकडे गॅस आहे मॅडम, धूर होत नाही.

आम्ही हसलो. मॅडम हसल्या नाहीत.
खडू खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या,
उसने दिलेले पैसे अचानक परत मिळावेत तशा.
म्हणाल्या, हे त्यांनाही सुचलं होतं,
हजार वर्षांपूर्वी.
तापलेला लोखंडाचा गोळा. आग आहे, धूर नाही.
चालतं. उलटं चालत नाही.

जानेवारीत किल्ला गेला.
सकाळी दहाला टेम्पोंचे दिवे लागलेले,
खिडकीत नुसतं पांढरं.
कुणीतरी ओरडलं, धूर! म्हणजे आग!
मॅडम मफलर सोडत म्हणाल्या,
आधी तो धूर आहे हे सिद्ध कर, बाई.

धर्माचा पेपर वेगळा.
गाईडमध्ये प्रत्येक धर्माला दीड पान,
शेवटी चौकटीत 'लक्षात ठेवा'.
नीलांजना जैन कँटीनच्या समोशाला
सात प्रकारे कदाचित म्हणायला शिकली.
माझ्या दीड पानात आई नव्हती,
सोमवार धरून पित्त वाढवून घेणारी.
मेहजबीनने तिचं पान वाचलं, मिटलं.
एवढं सोपं असतं तर
अब्बा कशाला उठले असते पहाटे?

मग सहल. तीही किल्ल्यावरच,
डबे घेऊन, चढ चढून.
देवळाच्या भिंतीत एक जुना आकडा :
दोनशे सत्तर. कुठल्याशा बागेचं माप.
बाग कुठे गेली कोण जाणे,
शून्य मात्र राहिलंय,
तेलाच्या थेंबाएवढं.
मेहजबीनने करंगळी जवळ नेली, टेकवली नाही.
काहीच नाही, हे कुणी तरी
बसून, छिन्नी घेऊन, कोरलंय बघ.

फेब्रुवारीत शेवटचं प्रमाण.
जमिनीवर घट नाही.
कशावरून?
डोळ्यांना जमीन दिसते, 'नाही' कुठे दिसतं?
मॅडमनी उत्तर लिहून दिलं :
असता तर दिसला असता.
आम्ही उतरवून घेतलं, पाच गुणांपुरतं.

आणि हजेरी.
रोल नंबर सात.
तिसरा आठवडा.
कुणी म्हणालं फी. कुणी म्हणालं वडिलांची बदली.
कुणी नुसते डोळे मोठे केले, शेजारणीकडे बघून.
शब्द प्रमाण, पण सांगणारा भरवशाचा हवा.
मी अनुमान काढलं नाही.
धुकं मला आता ओळखता येत होतं.

शेजारच्या जागेवर मी दप्तर ठेवायला लागले होते.
त्या दिवशी उचलून मांडीवर घेतलं.
बाक दिसलं. कर्कटकाने कोरलेला अर्धा गोल दिसला.
असती तर दिसली असती.

सात?
मॅडमनी वर पाहिलं, आधी बाकाकडे, मग माझ्याकडे,
आणि चिडलेल्या नसतानाही मराठीत म्हणाल्या,
असू दे.
रकान्यात काहीतरी बारीक काढलं.
मला वाटतं, शून्य.
लांबून बघत होते मी,
नुसतं पेन टेकलेलंही असेल.